गोंड कन्येचा वांटा

चंद्रपुरास, म्हणजे जुन्या चांद्यास, अचलेश्वराच्या देवळापाशीं बीरशहा राजाची समाधी आहे. ती त्याच्या राणीनें, हिराईनें, बांधविली. राजाच्या मरणानंतर दत्तक रामशहा अल्पवयी असतां राज्यकारभारहि तिनेंच पाहिला. ज्या लोकांत एका स्त्रीनें राज्य चालविलें, त्यांच्या कन्येस पित्याच्या शेतांत वांटा आहे कीं नाहीं हा वाद 2025 सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा, ह्याचें विद्यार्थ्यांस नवल वाटेल.

1956 च्या हिंदु वारसा कायद्यांतून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. 2005 सालीं त्या कायद्यानें वडिलोपार्जित मिळकतींत कन्येस पुत्राबरोबर बसविलें. परंतु आपल्या दोन जिल्ह्यांतील गोंड, माडिया वा कोलाम कन्येस त्याचा लाभ नाहीं. तिचा वांटा जमातीच्या रूढीवर ठरतो. घटनेच्या 44 व्या कलमांत सर्व नागरिकांस एकच नागरी कायदा व्हावा असा हेतु आहे. तेव्हां कोणी म्हणेल, रूढी मोडा आणि एकच कायदा लावा.

आम्हांस हा उतावीळपणा वाटतो. विधवेचा पुनर्विवाह उच्चवर्णीय हिंदूंत कायदेशीर होण्यास 1856 चा कायदा लागला. गोंडांत तो पूर्वापार चालत आला आहे. तेथें वधूचा पिता हुंडा देत नाहीं, वराकडून देज घेतो. ज्यास देज झेपत नाहीं तो लमसेना होऊन सासऱ्याच्या घरीं कांहीं वर्षें राबतो. पांढरपेशांनीं शिकण्याजोगें ह्यांत पुष्कळ आहे.

मग अडतें कोठें? जमिनीपाशीं. कन्या परकुळांत गेली म्हणजे शेतहि कुळाबाहेर जाईल ही भीति. ती अगदींच पोकळ नाहीं, कारण वनप्रदेशांतील कित्येक शेतें सावकारांनीं गिळलीं आहेत. आदिवासीची जमीन इतरांस विकावयाची वा गहाण द्यावयाची तर महाराष्ट्रांत 1974 पासून जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. वारसाची गोष्ट निराळी, हें आम्ही जाणतों. पण जमीन राखण्याचें सारें ओझें एकट्या कन्येनेंच कां वाहावें?

जुलै 2025 मध्यें छत्तीसगडांतील एका गोंड स्त्रीच्या वारसांचा दावा सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढला. कन्येस वांटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा, असें खालच्या न्यायालयांनीं म्हटलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें प्रश्नच फिरविला: मिळत नाहीं अशी रूढी कोणी सिद्ध केली? पुरावा कोणाचाच नव्हता, म्हणून समतेच्या व न्यायबुद्धीच्या तत्त्वानें वांटा समान ठरला. त्यास 1875 च्या मध्यप्रांतांतील एका कायद्याचाहि आधार घेतला गेला; आपला चांदा जिल्हा तेव्हां मध्यप्रांतांतच होता.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हिमाचल प्रदेशाच्या एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें असेंहि सांगितलें कीं, केंद्र सरकारच्या अधिसूचनेवांचून हिंदु वारसा कायदा अनुसूचित जमातींस लागू होत नाहीं. हे दोन निकाल आम्हांस परस्परविरोधी दिसत नाहींत. परका कायदा वरून लादूं नये, आणि सिद्ध न झालेल्या रूढीच्या नांवानें कन्येस रिकाम्या हातीं धाडूंहि नये.

गडचिरोलीच्या पालकांस ह्याचें एक उदाहरण घरींच सांपडेल. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणें विवाहिताच्या पट्ट्यावर पतिपत्नी दोघांचीं नांवें घालावीं लागतात, आणि त्यायोगें कोणत्याहि कुळाची रूढी बुडाली नाहीं. ज्यांच्या घरीं असा पट्टा असेल त्या विद्यार्थ्यांनीं सुटींत तो काढून त्यावरील आईचें नांव वाचावें. आणि मग आजोबांच्या सातबाऱ्यावर आत्याचें नांव आहे काय, तेंहि पाहावें.