एका दिवसाचं रीडिंग

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या गेटवर एक ठरलेलं दृश्य दिसतं. फाइल छातीशी धरलेले वडील, पिशवी सांभाळणारी आई, आणि या दोघांशी आपला काही संबंध नाही अशा थाटात चार पावलं पुढे चालणारा बारावीचा मुलगा. गेल्या वर्षी अशा पाहुण्यांना कॉलेज दाखवायला आम्हा टी.ई.च्या चौघांना नेमलं होतं. रस्ता ठरलेला : मुख्य इमारत, नवी कम्प्युटर लॅब, लायब्ररी, ग्राउंड. होस्टेलची नवी विंग बाहेरूनच. जुनी विंग रस्त्यात येत नव्हती.

जुलैत लातूरहून एक कुटुंब आलं. नुकताच पाऊस पडून गेलेला, मागच्या टेकडीवर ढग उतरलेले, ग्राउंड हिरवंगार. मुलगा बघतच राहिला. वडिलांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "बाळा, उन्हाळ्यात पाण्याचं कसं असतं इथं?" २०१६ मध्ये ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथला माणूस हेच विचारणार. मी म्हणालो, "काही प्रॉब्लेम नाही, काका."

एप्रिलमध्ये तोच मुलगा टँकरच्या रांगेत बादली घेऊन माझ्या पुढे उभा. "दादा, तुम्ही तर म्हणाला होता..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

रांगेतच मी त्याला विचारलं, आपलं कॉलेज पहिल्या नंबरवर का टाकलंस? म्हणाला, "वातावरण आवडलं." आणखी दोन कॉलेजं मिळण्यासारखी होती, पण ती त्याने मेच्या उन्हात पाहिली होती!

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. पण यावर चक्क संशोधन झालेलं आहे. उरी सायमनसन यांचा एक लेख २०१० मध्ये 'द इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला. अमेरिकेतली एक युनिव्हर्सिटी, अभ्यासासाठी नावाजलेली, मौजमजेच्या बाबतीत मात्र यथातथाच. ती पाहून गेलेल्या १२८४ मुलांपैकी पुढे प्रवेश कोणी घेतला, आणि भेटीच्या दिवशी आकाशात ढग किती होते, हे त्यांनी ताडून पाहिलं. ढगाळ दिवशी येऊन गेलेल्यांनी प्रवेश जास्त घेतला होता. ढगांचं प्रमाण एका स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढलं, तर प्रवेशाची शक्यता ९ टक्क्यांच्या अंकांनी जास्त. त्यांचं म्हणणं असं, की ढगाळ हवेत माणसाला अभ्यास बरा वाटतो, आणि त्या दिवशीच्या मनावरून तो पुढच्या चार वर्षांचा अंदाज बांधतो. याला 'प्रोजेक्शन बायस' म्हणतात. आपल्याकडे गंमत अशी की कॅपच्या फेऱ्याच पावसाळ्यात. सगळा सह्याद्री तेव्हा नटलेला असतो, कॉलेजला काही करावंच लागत नाही.

आणि चूक महाग पडते. २०२५ च्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं, तर सीट आपोआप फ्रीझ होत होती. पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे ऑप्शन फॉर्मवरची पहिली ओळ एका सकाळच्या फेरफटक्यावर भरायची, आणि मग तीच चार वर्षं निभवायची.

प्रॅक्टिकलला एका रीडिंगवर ग्राफ काढला तर सर जर्नल तोंडावर फेकतील. इथे मात्र आपण सगळेच तसा काढतो. मीही काढला होता. मला लायब्ररीतली शांतता आवडली होती. ती सुट्टीतली शांतता होती, हे सबमिशनच्या आठवड्यात कळलं.

म्हणून भेट देऊ नये असं नाही, उलट द्यावीच. फक्त कागदावर मिळणाऱ्या गोष्टी कॅम्पसवर शोधत बसू नये. प्लेसमेंटचं फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, एन.आय.आर.एफ.ला दिलेल्या माहितीत मध्यम पगार, म्हणजे मीडियन असतो, तो बघावा. नॅक सगळ्या कॉलेजचं मूल्यांकन करते, एन.बी.ए. एकेका ब्रँचचं, "आम्हाला ॲक्रेडिटेशन आहे" असं कोणी म्हणालं, तर कशाला, हे विचारावं. हे घरबसल्या होतं.

भेटीत बघायचं ते वेगळंच. शक्यतो सेमिस्टर चालू असताना, कामाच्या दिवशी यावं. वर्कशॉपमध्ये लेथखाली ताज्या चिप्स पडल्यात का, की बेडवर धूळ आहे, हे एका नजरेत कळतं. एक तरी पालकांनी मेसमध्ये पैसे देऊन जेवावं. आणि दाखवायला नेमलेल्या मुलाला विचारू नये, म्हणजे मला. कॅन्टीनमागे एकटा बसलेला एस.ई.चा मुलगा गाठावा, त्याला केटी असेल तर उत्तमच. त्याला "कॉलेज कसं आहे?" विचारलं तर "चांगलं आहे" म्हणेल. "काल रात्री नळाला पाणी किती वाजता आलं?" असं विचारलं, की तो खरं बोलायला लागतो.

यंदा पाहुण्यांना फिरवायच्या यादीत त्या लातूरच्या मुलाने स्वतःहून नाव दिलंय. सुरुवात जुन्या विंगच्या टाकीपासून करणार म्हणतो. मी सरांना अजून हे सांगितलेलं नाही.