संशोधनासाठी अनुदान मागताना : अर्ज, हिशेब आणि नोंदींची निगा



वार्षिक अहवालात खाटांची व शस्त्रक्रियांची संख्या, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांना मानाचे स्थान असते व ते योग्यच आहे. तथापि दोन वर्षांपूर्वीच्या देणगीदार मेळाव्यात एका ज्येष्ठ हितचिंतकांनी उभे राहून विचारलेला प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. “रुग्णालयाने रुग्ण बरे करावेत, संशोधन विद्यापीठांनी करावे. आमच्या देणगीतला पैसा त्या कामी जातो काय?” असे त्यांनी विचारले. आम्ही त्या वेळी ‘नाही’ एवढेच उत्तर दिले. ते खरे होते, परंतु अपुरे होते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

मधुमेही रुग्णांच्या पायाला होणाऱ्या जखमा हा आमच्या शस्त्रक्रिया विभागाचा नित्याचा अनुभव. जखम लहान असताना रुग्ण येत नाही. येतो तेव्हा बोट, कधी पाऊल गमवावे लागते. कोणता रुग्ण उशिरा येतो व का, हे समजले तर पाय वाचविता येतील, या विचाराने आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी एका अनुदान देणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला. ड्रेसिंग कक्षातील परिचारिका भगिनींनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या नोंदवह्या हे त्या अर्जाचे भांडवल होते. अर्ज परत आला. त्यासोबत परीक्षकांचे तीन आक्षेप होते. नोंदींतील रकान्यांचा अर्थ कोठेही लिहिलेला नाही, अंदाजपत्रकातील रकमा कार्ययोजनेशी जुळत नाहीत, आणि जुन्या रुग्णांच्या माहितीचा वापर कोणत्या अधिकाराने करणार याचा खुलासा नाही.

दुसरा आक्षेप थेट आमच्यावर होता. अंदाजपत्रक आम्हीच तयार केले होते, तेही अर्जाचा मजकूर पुरता न वाचता, वैद्यकीय भाषेत आपल्याला काय कळणार अशा समजुतीने. मजकुरात दीड वर्षाचे काम होते आणि आम्ही क्षेत्रसेवकाचे वेतन बारा महिन्यांचे धरले होते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने अशी चूक करावी ही शरमेची बाब होय व ती आम्ही विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मान्य केली आहे.

परत आलेला अर्ज फाईलला लावून विषय संपविणे सोपे होते. त्याऐवजी एका तरुण डॉक्टर भगिनींनी असे सुचविले की, परदेशी विद्यापीठे आपल्या संशोधकांना या गोष्टी शिकवितात, तो अभ्यासक्रम आपणही पाहावा. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाने मे २०११ मध्ये संशोधनातील माहितीच्या व्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले. ब्रिटनमधील विद्यापीठांत असे करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्याच सुमारास तेथील पीएच.डी.चे विद्यार्थी व नवे संशोधक यांच्यासाठी एक अभ्यासक्रम तयार करून तो इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला. त्याचे नाव ‘मंत्रा’. इंग्रजीतील ‘मॅनेजमेंट’ आणि ‘ट्रेनिंग’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ते घडविले आहे; आपल्या कानाला मात्र ते परके वाटत नाही. शनिवारी दुपारी, बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर, रुग्णालयाच्या ग्रंथालयात आम्ही काही जण तो अभ्यासू लागलो. त्यात डॉक्टर होते, ड्रेसिंग कक्षातील भगिनी होत्या, नोंदणी कक्षातील लिपिक होते आणि आम्हीही होतो. इंग्रजी पाठ वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगण्याचे काम पाळीपाळीने होत असे.

पहिल्याच दोन बैठकांत आमचा मोठा भ्रम दूर झाला. माहितीचे व्यवस्थापन म्हणजे संगणक विभागाचे काम, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ते हिशेबनीसाच्या कामाशी फार जवळचे आहे. कीर्दीतील नोंद पाहून अनोळखी लेखापरीक्षकालाही व्यवहार समजला पाहिजे, हा आमच्या व्यवसायातील पहिला धडा. संशोधनाच्या नोंदींनाही हाच नियम लागू होतो. आमच्या नोंदवह्यांत काही वर्षे वय लिहिले होते, काही वर्षे जन्मवर्ष. ‘डा.’ म्हणजे डावा पाय की डायबेटिस, यावर भगिनींमध्येच एकमत होईना! एका वहीत जखमेचा आकार सेंटिमीटरमध्ये, तर दुसऱ्या वहीत ‘रुपयाएवढी’. लिहिणाऱ्या भगिनींचा यात दोष नाही. त्यांनी ड्रेसिंगसाठी लिहिले होते आणि त्या कामासाठी ते पुरेसे होते. परंतु दहा वर्षांनी दुसऱ्याने वाचायचे असेल, तर प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजमापाचे एकक आणि रिकाम्या जागेचा अर्थ सांगणारी एक स्वतंत्र सूची लागते. रिकामी जागा म्हणजे ‘तपासले नाही’ की ‘तपासले, आढळले नाही’? या एका प्रश्नावर आमची एक संपूर्ण दुपार गेली. ती वाया गेली असे आम्हांस वाटत नाही.

साधनाच्या मर्यादा न ओळखल्याने काय होते याचे एक उदाहरण देणे आवश्यक वाटते. कोविडच्या साथीत, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांच्या नोंदी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकडेवारीत आल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील तक्त्यात भरली जात होती आणि त्या तक्त्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी निमूटपणे गळाल्या. बाधितांना त्यांचा अहवाल मिळाला होता; परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांचा शोध लांबला. आमच्या रुग्णालयातील निम्मे काम एक्सेलवर चालते, हे लक्षात घेता हा पाठ वाचताना ग्रंथालयात शांतता पसरली.

प्रतींच्या बाबतीत सर्वत्र सांगितला जाणारा नियम तीन-दोन-एक असा आहे. माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. आमच्याकडे एकच प्रत होती, ती एकाच संगणकावर, आणि तो संगणक तळमजल्यावर! आपल्या गावातील पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. मात्र प्रती काढल्या म्हणजे निश्चिंत झालो असेही नाही. जपानमधील क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकावरील ७७ टेराबाइट माहिती नष्ट झाली व चौदा संशोधन गटांना त्याची झळ पोहोचली. प्रती काढणाऱ्या प्रणालीतच सुधारणा करताना दोष राहिला होता आणि त्याच प्रणालीने माहिती पुसून टाकली. म्हणून आता दर तिमाहीस एक जुनी प्रत प्रत्यक्ष उघडून पाहण्याचा व त्याची नोंद स्वाक्षरीसह ठेवण्याचा प्रघात आम्ही सुरू केला आहे. तिजोरीतील रोकड मोजण्यासारखेच हे आहे.

आता रुग्णांच्या आप्तांशी थेट संबंधित असा विषय. अभ्यासवर्गाची वार्ता पसरल्यावर एका रुग्णाचे चिरंजीव आमच्या कार्यालयात आले व म्हणाले, “आईचा केसपेपर बाहेर पाठविणार आहात काय?” त्यांचा प्रश्न रास्त होता. उपचारासाठी दिलेली माहिती ही उपचारासाठीच दिलेली असते. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत देणे हे कर्तव्य आहे. परंतु जपणे वेगळे आणि दुसऱ्या कामासाठी वापरणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाला नैतिकता समितीची पूर्वमान्यता लागते. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास असेल व रुग्णाला धोका नगण्य असेल, तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते. तो अधिकार समितीचा आहे, संशोधकाचा नाही आणि प्रशासनाचा तर मुळीच नाही.

ओळख काढणे म्हणजे केवळ नाव खोडणे, असेही आम्ही समजत होतो. एका भगिनींनी सहज एक नोंद वाचून दाखविली. तीत नाव नव्हते. गाव, वय आणि ‘गुडघ्याखालून उजवा पाय’ एवढेच होते. श्रोत्यांपैकी दोघांनी तत्काळ ती व्यक्ती ओळखली. पाचशे उंबऱ्यांच्या गावात नावाची गरजच काय? त्या दिवसापासून अभ्यासासाठीच्या तक्त्यात गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी दहा वर्षांचा वयोगट लिहिला जातो. सांकेतिक क्रमांक व नावे यांची जुळणी दाखविणारी वही वेगळ्या कपाटात असून तिची किल्ली वैद्यकीय अधीक्षकांकडे आहे.

आता पैशाविषयी. सरकारी अनुदान म्हणजे मोकळ्या हाताने खर्च करण्याची रक्कम, अशी एक समजूत आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र विहित नमुन्यात द्यावे लागते, अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याजसुद्धा सरकारजमा करावे लागते, आणि त्यातून घेतलेले उपकरण परवानगीवाचून विकता येत नाही. अशा अनुदानासाठी स्वतंत्र खाते व स्वतंत्र खतावणी ठेवण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशान्वये ठरलेल्या योजनेनुसार देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते व दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, हे वाचकांस विदित आहेच. त्या निधीतील एक रुपयाही संशोधनाकडे वळविला जाणार नाही. संशोधनासाठी येईल तो पैसा संशोधनाच्या नावाने मागून आणलेला असेल. आमच्या कार्यालयाचा जो वेळ या कामी जातो तो मात्र रुग्णालयाचाच आहे. त्याची नोंद आम्ही ठेवीत आहोत व पुढील अहवालात ती मांडू.

अर्ज लिहिण्याच्या शिक्षणातून एक गोष्ट आम्हांस विशेष पटली. अंदाजपत्रक हे अर्जाचे परिशिष्ट नव्हे. परीक्षक प्रथम प्रश्न वाचतो, मग पद्धत, आणि नंतर रकमांवरून हे ताडतो की लिहिणाऱ्याने काम खरोखर मनात करून पाहिले आहे किंवा नाही. क्षेत्रसेवक महिन्याला किती घरी जाईल, एसटीचे भाडे काय, दार बंद आढळल्यास दुसऱ्यांदा जाणार काय, अशा प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय प्रवासखर्चाचा आकडा लिहिता येत नाही. नोंदींच्या व्यवस्थेचा खर्चही आता अर्जातच दाखविण्याची रीत रूढ होत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर २५ जानेवारी २०२३ पासून, ज्या संशोधनातून वैज्ञानिक माहिती निर्माण होईल अशा अर्जासोबत ती कशी जपणार व इतरांस कशी उपलब्ध करणार याचा आराखडा बंधनकारक केला आहे.

हे सर्व मोठ्या संस्थांचे काम, लहान रुग्णालयाला ते झेपावे कसे, अशी शंका एका विश्वस्तांनी व्यक्त केली. ती अनाठायी नाही. परंतु डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, त्यातील नोंदी पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी ठेवल्या होत्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी काळजी देण्याचा कार्यक्रम आखला. प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदला गेला नसता, तर तो निष्कर्ष कोणी मान्य केला असता? आमची तेवढी योग्यता नाही, हे आम्ही जाणतो. पण आमच्या ड्रेसिंग कक्षातील भगिनींची वही त्याच जातीची आहे, एवढे म्हणण्याचे धाडस करतो.

सद्यःस्थिती अशी. जुन्या वह्यांपैकी ज्या वाचता आल्या त्या नव्या सूचीनुसार संगणकावर उतरविल्या आहेत. दोन वह्या ओल लागल्याने कायमच्या गेल्या आणि त्यांतील रुग्णांचा अभ्यास आता होऊ शकत नाही. त्या वह्या तळमजल्यावर ठेवण्याचा निर्णय प्रशासनाचा होता. नव्या रुग्णांसाठी मराठी संमतिपत्र तयार केले असून ते भगिनी वाचून दाखवितात व प्रश्नांना उत्तरे देतात. सुधारलेला अर्ज नैतिकता समितीच्या मान्यतेनंतर पुन्हा पाठविला आहे. त्याचा निर्णय हा अहवाल छापावयास जाईपर्यंत आलेला नाही.

ज्या रुग्णांना अथवा दिवंगत रुग्णांच्या आप्तांना जुन्या केसपेपरचा अभ्यासासाठी उपयोग होऊ नये असे वाटत असेल, त्यांनी नोंदणी कक्षात तोंडी अथवा लेखी कळवावे. कारण विचारले जाणार नाही, आणि उपचारात व सवलतीत कोणताही फरक पडणार नाही.