बाजार वाचायला शिकूया
(परिसर अभ्यास : इयत्ता ७ वी ते ९ वी)



इतिहासाच्या पुस्तकात आपण होळकरांच्या लढाया आणि तह वाचतो. पण त्या काळी इंदुरात लोक काय विकत होते, कशाने तोलत होते, हे समजून घ्यायचे तर राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतून पायीच फिरायला हवे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत इथे आले. तरीही या बाजारांची नावे कशी पडली असे वर्गात विचारले की बहुतेक हात खालीच राहतात. म्हणून हा पाठ.

पहिला थांबा : कृष्णपुरा छत्र्या. नदीकाठच्या या छत्र्या कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मरणार्थ आहेत. दगडातील कोरीव काम जवळून पाहा.

दुसरा थांबा : राजवाडा. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये याचे बांधकाम सुरू केले. मजले सात, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने शहर जाळले, तेव्हा वाड्याचीही हानी झाली. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग पुन्हा जळाला. तो पुढे नव्याने उभारला गेला.

आता एक प्रश्न. आधी वाडा की आधी बाजार? उत्तर आहे, बाजार. इथले जमीनदार राव नंदलाल यांनी १७१६ मध्ये मोगलांकडून करमाफीची सनद मिळवली आणि व्यापारी इथे वसू लागले. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. इंदूर राजधानी झाले १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. म्हणजे राजधानी होण्यापूर्वी शंभर वर्षे हे गाव व्यापारावर वाढत होते.

तिसरा थांबा : बजाजखाना आणि सराफा. 'बजाज' म्हणजे कापडविक्या आणि 'सराफ' म्हणजे मूळचा नाणी पारखणारा. दोन्ही शब्द अरबीतून आले. माळव्यात वेगवेगळ्या संस्थानांची नाणी चालत. नाणे घासून, वजन करून त्यावर किती बट्टा घ्यायचा हे सराफ ठरवी. सोन्याचांदीचा व्यापार त्याच पारखीतून वाढला. आजही एखाद्या पेढीवर काळा कसोटीचा दगड दिसेल. परवानगी घेऊन जरूर पाहा.

येथेच थोडे गणित. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज व्यवहारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो, कारण २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६. घरी आईला विचारून एखाद्या दागिन्यावर हा आकडा शोधा.

रात्री पेढ्या बंद झाल्या की याच रस्त्यावर खाऊगल्ली भरते. हिवाळ्यात गराडू, शिवाय भुट्ट्याचा कीस, मावाबाटी आणि साबुदाण्याची खिचडी. खिचडी आपल्या घरातली, पण तिच्यावर फराळी मिक्श्चर घालून इंदूरने ती आपलीशी केली आहे.

शेवटचा थांबा : इतवारिया बाजार. नाव सांगतेच, हा रविवारचा बाजार. शेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले काच मंदिर इथेच आहे. कापड गिरण्यांतून आलेल्या पैशाने शहराचे रूप कसे पालटले, ते इथे उमगते.

पालकांना विनंती : मुलांना वाहनातून नेऊ नका, पायी न्या. दुकानदारांशी त्यांनाच बोलू द्या. फोटो काढण्यापूर्वी विचारायला सांगा, आणि गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर थांबायलाही.

विश्वस्तांनाही आमचे सांगणे आहे. वाडा जळाला तर नकाशे पाहून पुन्हा बांधता येतो. 'बट्टा' म्हणजे काय हे सांगणारा म्हातारा पेढीवरून उठला की ते विचारायचे कोणाला? मुलांनी टिपून आणलेल्या या गोष्टी शाळेच्या ग्रंथालयात एका वहीत जपून ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

गृहपाठ
१) बर्तन बाजार, शक्कर बाजार, खजुरी बाजार यांपैकी कोणत्याही दोन ठिकाणी आज काय विकले जाते? नाव आणि माल यांचा मेळ अजून बसतो का?
२) आजी-आजोबांना विचारून मापाचे किंवा व्यापाराचे पाच जुने शब्द अर्थासह लिहा.
३) सर्वांत जुन्या वाटणाऱ्या दुकानात जाऊन विचारा : हे दुकान कितव्या पिढीकडे आहे, आणि पुढची पिढी ते चालवणार आहे का?