प्रयोगशाळेचे सांडपाणी आणि आपली विहीर

एका उन्हाळ्यात संध्याकाळच्या वेळी केदारखेड्याच्या माझ्या दवाखान्यात एका ज्युनिअर कॉलेजच्या शिपाईमामांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले. खोकला थांबत नव्हता, डोळे लाल, छातीत जळजळ. सुट्टी लागण्यापूर्वी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा साफ करताना त्यांनी उरलेल्या बाटल्या एकाच बादलीत ओतल्या होत्या. त्यात ॲसिड होते. वर ‘जंतू मरतील’ म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली! ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. ऑक्सिजन लावून त्यांना जालन्याला पाठवले. तिसऱ्या दिवशी ते बरे होऊन आले, तेव्हा मी विचारले, “मामा, त्या बादलीचे काय केले?”

“ती पोरांनी मागच्या शोषखड्ड्यात ओतली, डॉक्टरसाहेब.”

शोषखड्ड्यापासून तीस पावलांवर मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा बोअर होता. हा लेख त्या बोअरसाठी आहे.

शोषखड्डा चांगलाच. पण तो न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी. त्यातली घाण मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. क्रोमियम, शिसे, पारा हे धातू मात्र कोणी खात नाही, ते कुजत नाहीत. आपल्याकडे मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आणि खाली काळा पाषाण. पाषाणाच्या भेगांतून पाणी फारसे न गाळताच पुढे जाते. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटते तसा तो दाट होतो.

“चार बादल्या पाणी ओतून पातळ केले की झाले,” असे शिकलेली माणसेही म्हणतात. हिशेब करून पाहू. टायट्रेशनचे नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट नेहमीच्या ०.१ नॉर्मल तीव्रतेचे असेल, तर एका लिटरात सुमारे १.७ ग्रॅम क्रोमियम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंतच क्रोमियम चालते. म्हणजे ते एक लिटर पातळ करायला सुमारे ३४ हजार लिटर पाणी हवे. दहा हजारी टँकर धरले तर जवळजवळ साडेतीन! टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा उपाय कोणाला परवडणार?

हे नारिंगी क्रोमियम कातडीवर न भरणाऱ्या जखमा करते, त्याची वाफ वा धूळ नाकातला पडदा झिजवते, फुप्फुसाचा कर्करोगही करते. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर जाते, रक्त कमी करते. पाऱ्याने काय होते ते जपानच्या मिनामाटा गावाने १९५६ पासून जगाला दाखवले. कारखान्याचे सांडपाणी खाडीत, तिथून पारा माशांत आणि माशांतून माणसांत.

मग करायचे काय? पहिले काम फुकटचे आहे : वेगळे ठेवणे. ॲसिड-अल्कली एका प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, क्रोमियम दुसऱ्या, शिसे तिसऱ्या, पारा चौथ्या. कॅनवर ठळक नाव लिहावे. नुसते ॲसिड चुन्याच्या निवळीने हळूहळू मारता येते. पीएचचा कागद सात-आठच्या आसपास दिसला की सोडावे. क्रोमियमला दोन पायऱ्या लागतात. आधी ॲसिड असतानाच त्यात हिराकस घालायचा. नारिंगी रंग जाऊन हिरवट झाला की विषारी रूप पालटले. मग चुन्याने पीएच आठ-नऊवर आणायचा. गाळ खाली बसतो. वरचे पाणी पूर्ण निवळल्यावर काढावे. गाळ बंद बाटलीत ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या घातक कचरा केंद्राकडे द्यावा. पुणे जिल्ह्यात रांजणगावला असे केंद्र आहे. बांधावर पुरू नये. हे सगळे शिक्षकांनी हातमोजे-चष्मा घालून मोकळ्या हवेत करायचे, विद्यार्थ्यांवर वा शिपायावर सोपवायचे नाही. पाऱ्याला तर हातच लावू नये, बाटली बंद करून तशीच द्यावी. अमोनियाच्या परीक्षेचे नेसलर द्रावणही पाऱ्याचेच असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या वैद्यकीय क्षेत्रातही सगळे शुद्ध नाही. हिमोग्लोबिन तपासायच्या ड्रॅबकिन द्रावणात थोडे सायनाइड असते; ते ॲसिडच्या बेसिनमध्ये गेले तर विषारी वायू सुटतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सांडपाण्याची एक कसोटी मला फार आवडते : प्रक्रिया केलेल्या निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनंतर शंभरातले नव्वद जिवंत हवेत.

गंमत अशी, की पाण्याची घाण मोजणारी ‘सीओडी’ तपासणीच पारा वापरते. जुन्या पद्धतीत एका नमुन्याला सुमारे ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लागते. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम, तेव्हा त्या एका नमुन्याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

ज्यांच्या बोअरशेजारी कॉलेजची किंवा रक्त तपासणीची प्रयोगशाळा आहे, त्यांनी पाणी तपासायला देताना ‘जंतू आहेत का’ एवढेच विचारू नये. क्रोमियम, शिसे आणि पारा तपासून हवे असे लेखी सांगावे. तिथे ही सोय नसेल तर नमुना कुठे पाठवतात ते विचारून घ्यावे. त्या कॉलेजच्या बोअरचा नमुना मी तसाच देववला आणि अहवाल येईपर्यंत मुलांना घरून बाटली आणायला लावली.