केल्पच्या जंगलासमोर उभं राहताना

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरमध्ये केल्पचं जंगल आहे, जिवंत, पाण्यात डुलणारं. मुलाकडे मुक्काम असला की नातीला घेऊन मी तिथे जातेच. कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही, म्हणून पुन्हापुन्हा जाता येतं. त्यातून जे कळत गेलं ते सांगते.

१. दुपारनंतर जा. सकाळी शाळांच्या सहली असतात आणि काचेसमोर निवांत उभं राहता येत नाही.

२. बोगदा शेवटी ठेवा. ही टाकी ७ लाख लिटरांहून मोठी आहे आणि तिच्या पोटातून सुमारे ७ मीटरचा पारदर्शक बोगदा जातो. मुलं तिकडेच ओढतात. पण डोक्यावरून मासा गेला की तोच दिसतो, जंगल दिसत नाही. आधी मोठ्या काचेसमोर बसावं आणि एकच केल्प तळापासून वरपर्यंत नजरेनं चढत जावं.

३. तळाशी काय आहे ते नीट बघा. नातीनं विचारलं, “आजी, याची मुळं कुठायत?” मुळं नाहीतच. केल्प हे झाड नव्हे, तपकिरी शैवाल आहे. खाली बोटांसारख्या फांद्यांचा जो गुंता दिसतो, तो फक्त खडक धरून ठेवतो. अन्न जमिनीतून यायचं नसतंच. लागतं ते सगळं पानांसारखे पट्टे थेट पाण्यातून घेतात.

४. पट्ट्याच्या बुडाशी वायूनं भरलेला फुगा असतो, त्यामुळे एवढा लांब देह उभा तरंगतो. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर सरगॅसम वाहून येतं, त्यालाही असेच मण्याएवढे फुगे असतात. तेही तपकिरी शैवालच. पण केल्पची जंगलं कोकणात होत नाहीत, कारण त्यांना थंड पाणी लागतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं, आणि अनुकूल काळात महाकाय केल्प दिवसाला अर्धा मीटरही वाढतो.

५. शीपहेड ओळखायला शिका. मला या टाकीतलं सर्वांत मोलाचं जर काही वाटत असेल, तर हा मासा. नराचं डोकं आणि शेपूट काळं, मधलं अंग लाल, हनुवटी पांढरी, दात पुढे आलेले. प्रत्येक शीपहेड जन्मतो मादी म्हणून, आणि पुढे त्यातल्या काहींचे नर होतात. ते दात सी-अर्चिनचं काटेरी कवच फोडण्याच्या कामी येतात. सी-अर्चिन केल्प खातात. त्यांची संख्या बेसुमार वाढली की तळाची पकड कुरतडली जाते आणि अख्खा केल्प सुटून वाहून जातो. दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांना आवर घालतात ते शीपहेड आणि शेवंड. उत्तरेकडे हे काम सागरी पाणमांजराचं. फरसाठी त्याची इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य कॅलिफोर्नियात बिग सरजवळ जेमतेम पन्नासेक उरली होती. २०१३ नंतर सी-अर्चिन खाणारे सूर्यफुली तारामासे रोगानं मेले, पाठोपाठ समुद्र तापला, आणि उत्तर कॅलिफोर्नियातली बुल केल्पची नव्वद टक्क्यांहून अधिक जंगलं गेली. हे नातीला सांगताना माझा आवाज जड होतो. तरीही सांगते. तिनं त्या माशाला नुसता “दातवाला” म्हणून सोडून देऊ नये, असं मला वाटतं.

६. नारिंगी गॅरिबाल्डी कुणीही दाखवेल. तो कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा. नर घरट्याची राखण करतो. माहिती तेवढी पुरे.

७. पाणबुडा टाकीत उतरून प्रेक्षकांशी बोलतो, तेव्हा मुलांना पुढे बसवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

८. जमलं तर माँटेरेलाही जा. १९८४ साली उघडलेल्या तिथल्या मत्स्यालयात केल्पची टाकी ८.५ मीटर उंच आहे, वर उघडं आकाश. पाणी खाडीतून येतं, आणि यंत्र ते सतत हलवत राहतं, कारण साचल्या पाण्यात केल्प तग धरत नाही.

९. वादळानंतर एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर चक्कर मारा. उपटून आलेल्या केल्पचा बुडखा हलक्या हातानं उलगडा. आत बारीक खेकडे, किडे, कधी भंगुर तारे सापडतात. पाहून झालं की ओल्या जागी परत ठेवा. आणि पायात चपला असू द्या, तिथे फार घसरतं.