हापूसचा हंगाम आणि उत्तरेचे पक्षी

शंका : देवगडजवळ माझी हापूसची बाग आहे. १ जानेवारीपासून दिसलेल्या प्रत्येक जातीची वहीत नोंद ठेवतो आहे. मित्र म्हणतात, आकडा वाढवायचा तर पार उत्तरेला जायला हवं. मुलगी नॉर्वेत असते, ती वारांगेरला चला म्हणते. इकडे पुण्याचा एक गट लडाखला निघालाय. पैसे एकाच सहलीपुरते आहेत. कुठे आणि कधी जाऊ?
– एक बागायतदार, जामसंडे

समाधान : कधी, याचं उत्तर तुमच्या बागेनेच देऊन टाकलंय. वारांगेर हा नॉर्वेच्या ईशान्य टोकाचा द्वीपकल्प, ७० अंश उत्तर अक्षांशावरचा. यादीवाले तिथे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये गर्दी करतात, कारण स्टेलर्स आयडर आणि किंग आयडर ही समुद्री बदकं तेव्हा बंदरांत उतरलेली असतात. पण एप्रिलमध्ये देवगडचा बागायतदार पेट्या सोडून बायनॉक्युलर घेऊन निघाला, तर घरात काय होईल हे मी सांगायला नको. तेव्हा जून. बहुतेक आयडर हुकतील, हे धरूनच चला.

आता कुठे. निव्वळ आकड्याचा विचार केला तर दोन्हीकडे भरपूर नवं मिळेल. लडाखमध्ये काळ्या मानेचा क्रौंच आणि तिबेटी सँडग्राउझ, शिवाय लेहजवळ सिंधूच्या गोट्यांत आयबिसबिल. वारांगेरला वार्डो गावातून होर्नोया बेटावर छोटी बोट जाते. तिथल्या कड्यावर पफिन, ब्रुनिखचे गिलेमॉट, किट्टीवेक असे समुद्रपक्षी दाटीवाटीने घरटी करतात. यातला एकही देवगडला येत नाही. म्हणून वहीत प्रत्येकाला नवा क्रमांक पडेल.

पण उत्तरेच्या सहलीत आपल्याकडेच हिवाळा काढणारे, म्हणून बहुतेक वहीला नवं काही न देणारे पक्षीही खूप असतात, आणि देवगडच्या माणसाने त्यांच्यासाठीच जावं असं माझं मत आहे. आपल्या जेटीवर हिवाळ्यात दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव नावालाच तसा असतो, कारण त्या दिवसांत डोकं पांढरं आणि कानामागे काळपट ठिपका. लडाखच्या त्सो कार सरोवरावर, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, हाच पक्षी जूनमध्ये गडद तपकिरी टोपी घालून अंड्यांवर बसलेला असतो. मिठमुंबरीच्या पुळणीवर चार पावलं धावून थबकणारे मातकट सँड प्लोव्हर तिकडे विटकरी छातीचे आणि काळ्या पट्टीचे होतात. वारांगेरची तीच तऱ्हा. लाल मानेचा फॅलारोप तिथल्या डबक्यांत भोवऱ्यासारखा फिरताना अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. मादी जास्त रंगीत, अंडी उबवणार नर. स्कँडिनेव्हियातले हे फॅलारोप हिवाळा कुठे काढतात? आपल्या अरबी समुद्रात! किनाऱ्यापासून लांब, म्हणून आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

माझा कौल वारांगेरला. मुलगी नॉर्वेतच आहे, सूर्य मावळत नाही, रात्री दोन वाजताही पक्षी बघता येतात. लडाख पुढच्या एखाद्या जूनमध्ये करा, आणि तेव्हा लेहला उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. समुद्रसपाटीच्या माणसाला साडेतीन हजार मीटरची हवा लगेच मानवत नाही. दोन्ही सहली एकाच वर्षात कोंबू नका. अर्जन ड्वार्सहाइस या डच माणसाने २०१६ मध्ये जगभर फिरून ६,८०० हून जास्त जाती पाहिल्या, पण त्याने त्यासाठी अख्खं वर्ष मोकळं ठेवलं होतं. त्याची बाग नव्हती.

शंका : आमच्या जेटीर थंडीत पांढऱ्या पाखरांचो थवो येता. सगळी सारखीच दिसतत. यादीत काय म्हणान लिवचा?
– एक मच्छीमार, तारामुंबरी

समाधान : सारखी दिसतात ही तक्रार जगभरच्या पक्षीनिरीक्षकांची आहे, मनाला लावून घेऊ नका. आधी लहान आणि मोठे असे वेगळे करा. लहानांत बहुधा तपकिरी डोक्याचा कुरव. मोठ्यांत पाठ गडद राखाडी, पाय पिवळे, मानेवर बारीक रेघा असतील तर बहुतेक ह्यूग्लिनचा कुरव, उत्तर रशियाच्या टुंड्रातून आलेला. मात्र पूर्ण पिसारा यायला त्याला चार वर्षं लागतात, तोवर दरवर्षी रूप बदलतं. मळकट, ठिपकेदार पिल्लांना नाव द्यायची घाई नको. ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ असं लिहा. पक्षीनोंदींच्या ईबर्ड संकेतस्थळावरही तशी सोय आहे.

खरं सांगायचं तर यादीत तुम्ही आम्हा किनाऱ्यावरच्यांच्या पुढे जाल. १ जूनला मासेमारीबंदी लागायच्या आधी आणि ऑगस्टपासून पुढे खोल पाण्यात जाल तेव्हा चिमणीहून थोडा मोठा, काळा, ढुंगणावर पांढरा पट्टा असलेला पक्षी लाटांवर पाय टेकवत नाचताना दिसतो का पाहा. तो विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल, अंटार्क्टिकाकडचा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हलला तरी चालेल.

शंका : पक्षी दिसला नाही, पण मोबाइलवर मर्लिन ॲपने आवाज ऐकून नाव दाखवलं. यादीत धरू का?
– एक विद्यार्थिनी, कणकवली

समाधान : नुसता आवाज चालतो. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनचे नियमही ऐकलेला पक्षी मान्य करतात. अट एवढीच की ओळख तुमची हवी, फोनची नव्हे. आपल्या रानात भृंगराज आणि पर्णपक्षी दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतात, त्यांना फोन फसू शकतो. नाव दिसलं की आवाजाच्या दिशेने बघत थांबा. रातव्यासारखा अंधारातला पक्षी असेल तर आवाज पाठ करा, मग लिहा.

शंका : जानेवारी ते मार्च परीक्षांत गेले. स्थलांतरित पक्षी परत गेले असतील. यंदाची यादी सोडून देऊ?
– एक शिक्षक, विजयदुर्ग

समाधान : अजिबात नको. जानेवारी ते डिसेंबर या वर्षात दोन अर्धे हिवाळे बसतात, तुमचा एक गेला. मधल्या पावसाळ्यात तिबोटी खंड्या आणि नवरंग आपल्याच भागात वीण करतात, ते मिळवा. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ओहोटीची वेळ बघून वाघोटन खाडीच्या मुखाशी जाऊ लागा. सैबेरियातून परतणाऱ्या प्रौढ कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर तेव्हा विटकरी रंगाचे डाग उरलेले असतात. नोव्हेंबरमध्ये तोच राखाडी झालेला पक्षी ओळखायला दुप्पट वेळ लागेल.