तंबू वाळूवर, पण कुठे?

प्रश्न : शनिवारी ऐनवेळी ठरवून गाडीने दिवेआगर-श्रीवर्धनकडे निघतोय. किनाऱ्यावर तंबू ठोकला तर चालेल का?

उत्तर : आधी पंचांग बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे सर्वांत मोठं उधाण ऐन झोपेत! वाळूवर सुक्या काटक्या-कचऱ्याची रेघ दिसेल. तंबू तिच्या बराच वर, सुरूच्या बनाजवळ लावा. माडाखाली मात्र मुळीच नको. नारळ पडायला मुहूर्त लागत नाही. गाडी वाळूत उतरवू नका. रुतली की काढायला गावालाच धावावं लागतं, आणि गाव वैतागतं. आगरदांडा-दिघी फेरीबोटीची शेवटची वेळ आधी विचारून घ्या. ग्रामपंचायतीची परवानगी नसेल, तर सरळ घरगुती खोली घ्या.